मीठ, वाळू आणि दहा मिलिलिटर तेल

पहाटे साडेपाच

बोईसरजवळच्या दांडीच्या किनाऱ्याला रात्रभर उघड्यावर राहिलेल्या सायकलीला सकाळी हात लावला की ती चिकट लागते. नोव्हेंबरात पाऊस नसतो, दव असतं. पण हा ओलावा नुसत्या दवाचा नाही. वाऱ्याबरोबर आलेले खाऱ्या पाण्याचे बारीक कण लोखंडावर बसतात, पाणी उडून जातं आणि मीठ उरतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. समुद्राच्या मिठात शिवाय मॅग्नेशियम क्लोराईड असतं, ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. इतकी कोरडी हवा आमच्या किनाऱ्यावर क्वचितच. म्हणजे एकदा बसलेलं समुद्राचं मीठ गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय जात नाही आणि पुरतं वाळतही नाही. रात्रभर ते तिथेच आपलं काम करत राहतं.

म्हणून माझ्या कामाचा दिवस पाण्यापासून सुरू होतो. आमचं घर मांगेला मासेमारांचं. वडील होडीवर असायचे आणि इंजिनाचं सगळं तेच बघायचे. बंदरातून आल्यावर आधी गोडं पाणी, मग फडकं, मग तेल, हा क्रम मी त्यांच्याकडून उचलला. गावातली कुणाची ना कुणाची सायकल आदल्या रात्री ओटीवर आणून ठेवलेली असते. अर्धी बादली पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि रंगाचा जुना मऊ ब्रश एवढं पुरतं. पाइपचं जोरदार पाणी शॉकअपच्या सीलवर मी कधीच मारू देत नाही. सीलची ओठासारखी पातळ कड बाहेरची धूळ अडवते, पण जोराचं पाणी तिला उलटवून आत घुसतं आणि सोबत मीठ आणि वाळूही नेतं. वरून ओतलेलं पाणी आणि हलका ब्रश, मग लगेच कोरडं फडकं. धुऊन उन्हात तशीच सोडलेली सायकल अर्धवट धुतल्यासारखीच.

सात

दांडीहून बोईसरला जाताना रस्त्यावर एमआयडीसीच्या सातच्या पाळीला निघालेले लोक भेटतात. कुणी रिक्षात, बरेच मोटरसायकलवर, थोडे अजून सायकलवर. टँकर आणि ट्रकच्या चाकांनी उखडलेला रस्ता सायकलवाल्याला मनगटात कळतो. याच रस्त्यामुळे गेल्या काही वर्षांत शॉकअपवाल्या सायकली इकडे खूप खपल्या. दुकानदार हँडल दाबून दाखवतो, पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, खाली जातो, वर येतो, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं. चिमट्याच्या आत काय आहे आणि त्याला कधी उघडायचं असतं, हे मात्र विकताना कुणी सांगत नाही. माझा राग त्यावर आहे. दहा-बारा हजार रुपये मोजणाऱ्या कामगाराला एवढी माहिती मिळायलाच हवी.

माझ्याकडे कुणी नवी सायकल घेण्याआधी विचारायला आलं, तर मी आधी विचारतो: जायचं कुठे? दांडी ते कारखाना आणि कारखाना ते दांडी, तेही डांबरी रस्त्यानं, एवढंच असेल तर साधा सरळ चिमटा घ्या आणि जरा रुंद टायर घ्या. काळ्या दणकट सायकलींना २८ बाय दीडचे टायर असायचे, पुढे वाकलेला लांब चिमटा असायचा, सीटखाली स्प्रिंगा असायच्या, आणि त्यावर पाटी बांधून माणसं मासळी विकून यायची. टायरमधली हवा हाच पहिला शॉकअप. ती माणसाच्या वजनाप्रमाणे थोडी कमी ठेवली की निम्मे धक्के तिथेच जिरतात, आणि तिला तेल लागत नाही, सील लागत नाही. डोंगरात, दगडांत, उतारावर जाणाऱ्यालाच शॉकअपचा खरा उपयोग.

पण ज्यानं घेतली आहे, त्याची सायकल नीट चालायला हवी. तिथून माझं काम.

आठ

बोईसरमधल्या माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर केलं की पहिली सायकल बहुतेक वेळा पाळीहून सुटलेल्याची असते. रात्रपाळी संपवून घरी जाता जाता तो ठेवून जातो. आजचा उच्छेळीचा, वयानं माझ्याहून लहान.

"दादा, पुढून आवाज येतो. खड्ड्यात गेलं की खट्ट करतो."

मी पुढचा ब्रेक दाबून धरतो आणि हँडलवर वजन टाकतो. चिमटा चार बोटं खाली जातो आणि तिथेच राहतो. हळूहळू, अडकत अडकत वर येतो. आवाजापेक्षा मला हे वाईट वाटतं.

"तेल मारत होतास का यावर?"

"हो, आठवड्याला. स्प्रे आहे ना तो, निळ्या डब्यातला."

तो निळा-पिवळा डबा बोईसरच्या प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात आहे. डब्ल्यूडी-४० बद्दल मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगतो, कारण ती खरी आहे आणि लक्षात राहते. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीनं तो द्रव बनवला. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून पत्र्यावरचं पाणी हटवणारं काहीतरी त्यांना हवं होतं, आणि चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून नावात चाळीस. पाणी हटवायला, अडकलेला नट सोडवायला, गंज सैल करायला तो उत्तम. पण तो पातळ आहे आणि ग्रीस विरघळवतो. सीलजवळ मारत राहिलं की तो आत झिरपतो, बुशवरचं ग्रीस सैल करून वाहवतो आणि पुढे स्वतःही उडून जातो. मग आत कोरडं लोखंड कोरड्या बुशवर घासतं. स्प्रे मारल्यावर दोन दिवस चिमटा मऊ वाटतो, म्हणून माणूस पुन्हा मारतो. आठवड्यामागून आठवडे असेच जातात.

साडेआठ ते दहा

स्वस्त चिमट्यात तेल नसतंच. एका पायात स्प्रिंग, दुसऱ्यात बहुधा एक रबराचा दांडा किंवा रिकामी नळी, वर क्रोम केलेले लोखंडी पाइप, आणि ते ज्यात घसरतात ते नायलॉनचे बुश. उघडायला फार काही लागत नाही. पुढचं चाक आणि ब्रेक काढायचा, पायांच्या तळाशी असलेले बोल्ट एलन-कीनं सैल करायचे, रबरी हातोडीनं हलके ठोके द्यायचे, आणि बाहेरची जोडनळी खाली ओढून घ्यायची.

आतून जे बाहेर आलं ते ग्रीस म्हणता येणार नाही. गंज, बारीक वाळू आणि उरलेलं ग्रीस यांचा तांबडा गाळ. हा गाळ म्हणजे पॉलिश पेपरच. चिमटा जितका खालीवर होईल तितका तो क्रोम आणि बुश दोन्ही झिजवतो.

लोखंडी भाग मी डिझेलनं धुतो. रॉकेल आता सहज मिळत नाही आणि आमच्या गावात डिझेलला तोटा नाही. पण डिझेलचा हात रबराला लागू देत नाही. सील आणि स्पंज साबणाच्या पाण्यानं, मग स्वच्छ पाण्यानं. महागाच्या चिमट्याच्या सगळ्या भागांना आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, ते मागे काही ठेवत नाही. सगळं कोरडं झाल्यावर पाइपवरून नख फिरवायचं. नख कुठे अडलं तर तिथे गंजानं खड्डा पाडलाय. तो खड्डा सीलच्या पट्ट्यात असेल तर नवं सीलही थोड्या दिवसांत फाटणार. वर, जिथे चिमटा दाबला तरी पोचत नाही तिथे असेल, तर अतिशय बारीक कागदानं कड मोडून चालतं. या सायकलीला नखाला दोन ठिकाणी जाणवलं, दोन्ही वरच. नशीब त्याचं.

आता ग्रीस. नायलॉनच्या बुशला पातळ थर लागतो, पाण्यानं न धुतला जाणारा. ट्रकच्या चॅसीचं ग्रीस दुकानात स्वस्त मिळतं आणि माणसं बोटानं ढीग भरून घालतात. मी त्याची जागा वेगळी ठरवली आहे: स्प्रिंगवर. स्प्रिंग नळीच्या आत आपटते तोच तो 'खट्ट' आवाज, आणि तिथे जाड ग्रीस लावलं तर ते आवाज गिळतं, बिघडवत काही नाही. बुशमध्ये मात्र तेच जाड ग्रीस चिमट्याला पकडून ठेवतं. छोट्या खड्ड्यावर चिमटा हलतच नाही, धक्का थेट हाताला येतो. म्हणून बुशला सस्पेन्शनचं मऊ ग्रीस, बोटाला लागेल इतकंच. सीलच्या ओठामागे थोडं जास्त, म्हणजे धूळ तिथेच अडकते. पाइपच्या बाहेर दिसणाऱ्या भागावर काहीही राहू द्यायचं नाही. चिकट पाइपवर दांडीची वाळू लगेच बसते.

जोडून हँडल दाबलं. चिमटा गेला आणि आला. सायकल न्यायला तो दुपारी झोप काढून येईल.

दहा

या वेळेला थोडी उसंत असते, आणि बरीच माणसं नुसती विचारायला येतात. दुकानातल्या लाकडी फळीवर डबे मांडून ठेवले आहेत ते याच साठी.

सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "कुठलं ऑईल चांगलं?" एकच चांगलं ऑईल नसतं. साखळीला वेगळं, बुशला वेगळं, सीलला वेगळं, आणि चिमट्याच्या आतल्या डँपरला तर फारच वेगळं.

साखळीचं पाहा. पावसाळ्यात घट्ट, ओलं राहणारं तेल हवं, पाण्यात टिकतं. दिवाळीनंतर तेच तेल वाळू गोळा करतं, तेव्हा मेणाचं किंवा कोरडं राहणारं चांगलं. एकेका कडीवर एक थेंब, दहा मिनिटं आत मुरू द्यायचं, मग बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. तेल कडीच्या आत हवं, बाहेर नको.

होडीवरचे काका आले की विचारतात, इंजिनाचं २० डब्ल्यू ४० शिल्लक आहे, ते घालू का चिमट्यात? इंजिन ऑईल ४० अंशाला शंभर सेंटिस्टोकच्या वर घट्ट असतं. डँपरचं तेल त्याच तापमानाला पंधरा-वीसच्या आसपास. डँपरमध्ये तेलाला बारीक भोकांतून आणि पातळ चकत्यांमधून जायचं असतं. त्या अडथळ्यानंच चिमट्याची उसळी मंदावते. इंजिन ऑईल त्या भोकांतून वेळेत जाणारच नाही, चिमटा दगडासारखा होईल. शिवाय इंजिन ऑईलमध्ये काजळी धरून ठेवायची द्रव्यं असतात, त्यांचं चिमट्यात काही काम नाही. काकांना इंजिन कळतं, त्यामुळे एवढं सांगितलं की पुढचं तेच सांगतात: "म्हणजे प्रत्येकाला आपापलं."

जाणकार स्वार फसतात ते आकड्यात. फोर्क ऑईलच्या डब्यावर ५ डब्ल्यू, १० डब्ल्यू असं लिहिलेलं असतं. फोर्क ऑईलसाठी या आकड्याचं सगळ्या कंपन्यांना बांधलेलं एक प्रमाण नाही. एका कंपनीचं ५ डब्ल्यू दुसरीच्या साडेसातइतकं घट्ट निघू शकतं. खरा आकडा ४० अंशाला किती सेंटिस्टोक हा, आणि तो कंपनीच्या माहितीपत्रकात सापडतो. तेल बदलायचं तर मी तो आकडा जुळवतो, डब्यावरचं डब्ल्यू नाही. दुसरा आकडा व्हिस्कॉसिटी इंडेक्स. लांब उतारावर डँपर तापतो. इंडेक्स कमी असलेलं तेल तापल्यावर फार पातळ होतं, आणि वर मऊ वाटणारा चिमटा खाली पोचेपर्यंत उड्या मारायला लागतो. वाघोबा घाटात पालघर-मनोर रस्त्याला एकदा सलग उतरून पाहा, लगेच कळतं.

अकरा

आजचं मोठं काम हे. टॅप्स कॉलनीतल्या एका साहेबांची चांगली सायकल, पुढे हवेचा चिमटा, मागे हवेचा शॉक. रविवारी काळदुर्गाच्या पायथ्याशी, कधी अशेरीकडे, असं त्यांचं चालतं. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झालं, तेव्हापासून देशभरातली माणसं या कॉलनीत येऊन राहिली, आणि त्यांच्यामुळेच बोईसरसारख्या गावात असं काम मिळतं. डहाणू लोकल २०१३ साली सुरू झाल्यावर केळवे-सफाळ्याकडूनही गिऱ्हाइकं येऊ लागली.

पहिलं पाऊल सगळ्यात महत्त्वाचं: हवा पूर्ण सोडायची. चिमट्यात शंभराच्या आसपास पीएसआय, मागच्या शॉकमध्ये त्याच्या दुप्पटही असू शकते. हवा असताना उघडलेला भाग गोळीसारखा सुटतो. मी शॉक-पंप लावून आकडा वहीत लिहून घेतो, मग व्हॉल्व्ह दाबतो, चिमटा दोनदा खालीवर करतो, पुन्हा दाबतो.

तळाचे बोल्ट दोन-तीन वेढे सैल करून त्यांच्यावरच हलका ठोका द्यायचा, पूर्ण काढून ठोकायचं नाही, दांड्याचं आतलं टोक दुखावतं. नळी सुटली की खाली पसरट तसराळं धरून जुनं तेल काढून घ्यायचं. हा क्षण मला आवडतो. चिमट्यानं वर्षभर काय सोसलं ते त्या चमचाभर तेलात दिसतं. सोनेरी आणि स्वच्छ असेल तर सील चांगलं. करडं, चमकी असलेलं असेल तर बुश किंवा पाइप झिजतोय. दुधी असेल तर पाणी शिरलंय. आज दुधी आलं, आणि थोडंच आलं. एका पायातून जेमतेम काही थेंब.

माणसांना वाटतं चिमट्यात तेल भरलेलं असतं, वाटीभर तरी. डँपरमध्ये असतं, ते बंद नळीत. पण बुश आणि सील यांना वंगण देणारं तेल एका पायात फक्त पाच ते दहा मिलिलिटर असतं, चिमट्याप्रमाणे कमीजास्त. एवढंच तेल प्रत्येक धक्क्याला वर उडतं, स्पंजच्या कड्यात मुरतं आणि पाइपला ओलं ठेवतं. ते संपलं की चिमटा अजून हलतो, म्हणून कुणाला कळत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या पाइपवरचा पातळ रंगीत थर घासून निघायला लागतो. तो थर गेला की परत चढवता येत नाही. पाइपांचा अख्खा संच बदलायचा, आणि तो महाग असतो.

कंपन्यांच्या पुस्तिकांत रॉकशॉक्सच्या चिमट्याला ही खालच्या नळीची सर्व्हिस ५० तासांनी आणि डँपर, हवेची बाजू २०० तासांनी. फॉक्सच्या चिमट्याला १२५ तास किंवा वर्ष. माझं मत असं की किनाऱ्याजवळ राहणाऱ्यानं खालची सर्व्हिस याच्या निम्म्या वेळेत करावी, आणि पावसाळा संपल्यावर तास न मोजता एकदा करावीच. पुस्तिका लिहिणाऱ्यानं समुद्राकाठी उभी राहणारी सायकल डोळ्यांपुढे ठेवलेली नसते. इथे सायकल उभी असतानाही झिजते.

नवे स्पंज तेलात बुडवून पूर्ण भिजवायचे. कोरडे बसवले तर ते पायातलं सगळं तेल पिऊन घेतात. सील बसवताना तिरकं जाऊ द्यायचं नाही. ओठाच्या आत सस्पेन्शनचं मऊ ग्रीस. मग नळी अर्धी चढवून, सायकल तिरकी धरून, सिरिंजनं मोजून तेल. मी डोळ्यानं कधी ओतत नाही. जास्त झालं तर काय बिघडेल, असं विचारतात. नळीतली हवेची जागा कमी होते, चिमटा शेवटपर्यंत दबत नाही, आणि दाब वाढून सील बाहेर ढकललं जातं. कमी झालं तर काय होतं ते आत्ता सांगितलंच. बोल्ट टॉर्क-पान्यानं, साधारण सात न्यूटन-मीटर, म्हणजे दोन बोटांनी आवळल्याइतकंच. इथे ताकद लावणारे मॅग्नेशियमच्या नळीचे आटे मोडतात.

आणि मॅग्नेशियम म्हणजे आलं मिठाचं. चिमट्याची बाहेरची नळी हलकी राहावी म्हणून मॅग्नेशियमची बनवतात, आणि त्यात लोखंडी बोल्ट असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, की मॅग्नेशियम आपणहून खाल्लं जातं. होडीच्या लोखंडाला वाचवायला बाजूला जस्ताचा तुकडा लावतात ते याच कारणानं. जस्त आधी झिजतं, लोखंड राहतं. चिमट्याला असा तुकडा नाही. रंग उडालेली प्रत्येक जागा झाकणं आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावणं, एवढंच हाती आहे.

हवा भरताना थोडी भरायची, चिमटा हळू दहा वेळा दाबायचा, म्हणजे आतल्या दोन कप्प्यांत हवा सारखी होते, मग पुन्हा भरायची. एकदम भरली तर वर वाचलेला आकडा खोटा.

दीड

तांदळाची भाकरी आणि घरून आणलेलं बोंबलाचं कालवण. हात साबणानं दोनदा धुऊनही तेलाचा वास थोडा राहतोच.

अडीच

साहेबांच्या मागच्या शॉकची हवेची बाजू मी उघडतो, धुतो, सील बदलतो. त्याच्या आतली डँपरची बाजू उघडत नाही. तिच्यात एका सरकत्या पिस्टनमागे दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. तेलात हवा मिसळून फेस होऊ नये म्हणून तो तेलाला दाबून ठेवतो. फेस झालेलं तेल अडथळा देत नाही, शॉक रिकामा वाटतो. ते उघडून पुन्हा तेवढ्याच दाबानं भरायला जी साधनं लागतात ती माझ्याकडे नाहीत, म्हणून तो भाग मी मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला पाठवतो आणि गिऱ्हाइकाला तसं सांगतो. कुणी यूट्यूबवर पाहून घरी उघडायला निघाला असेल, तर त्यालाही तेच सांगतो, जरा जोरात.

मागच्या सांध्यांच्या बेअरिंगमध्ये मात्र भरपूर करण्यासारखं आहे. पाण्यात टिकणारं घट्ट ग्रीस तिथे पोटभर भरायचं. हे सांधे थोडेच फिरतात, त्यामुळे जाड ग्रीसचा त्रास नाही आणि मीठ बाहेर राहतं.

काम चालू असताना शेजारच्या दुकानातला मुलगा विचारत बसतो. हे सगळं आलं कुठून? मोटरसायकलीकडून. पॉल टर्नर नावाच्या अमेरिकन माणसानं, मोटरसायकलीच्या शर्यतींत काम केलेल्या, १९८९ साली रॉकशॉक्स कंपनी काढली. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या दुरांगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, आणि उताराच्या शर्यतीत ग्रेग हर्बोल्ड तसलाच चिमटा लावून जिंकला. त्याआधी डोंगरातल्या सायकलींचे चिमटेही बहुतेक आपल्या काळ्या सायकलीसारखे ताठच होते. मुलाला हे ऐकून वाटतं, आपणही जावं कुठेतरी. मी त्याला हिमाचलातली एमटीबी हिमालय शर्यत सांगतो, २००५ पासून सुरू झालेली. तो नाव लिहून घेतो.

चार

साहेब आले. आता चिमटा त्यांच्या वजनाला बसवायचा. चांगल्या सर्व्हिसनंतर हे केलं नाही तर निम्मी मेहनत वाया.

रोजचे बूट, पाण्याची बाटली, पाठीवरची पिशवी, सगळं घेऊन त्यांना सायकलवर उभं करतो, भिंतीला टेकवून. चिमट्याच्या पाइपवरची रबराची कडी खाली सरकवतो. ते हळूच उतरतात. कडी जिथे राहिली तिथपर्यंत मोजायचं. त्यांचा चिमटा १२० मिलिमीटरचा, म्हणजे पाचव्या-चौथ्या हिश्शाइतका, २४ ते ३० मिलिमीटर बसायला हवा. वहीतल्या जुन्या हवेवर तो १५च बसला. वर्षभर ते ताठ चिमटा घेऊन फिरत होते आणि मनगट दुखतं म्हणत होते. हवा थोडी सोडली, पुन्हा मोजलं, २६ आलं.

मग पायाच्या तळाचं लाल बटण, उसळीचं. फुटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या खाली यायचं. चिमट्यानं एकदा उसळून शांत व्हायचं. दोनदा उसळला तर दोन खटके मंद करायचं. अजिबात न उसळता दबूनच राहिला, तर दगडांच्या रांगेत तो प्रत्येक धक्क्याला आणखी खाली बसत जाईल, म्हणून थोडं उघडायचं. तीन फेऱ्यांत जमलं.

निघण्याआधी डिस्क अल्कोहोलनं पुसून दिली. सस्पेन्शनच्या कामात तेलाचा एक थेंब डिस्कवर गेला की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. पॅड तेल प्यायले तर बदलावेच लागतात. म्हणून कामाला हात घालण्याआधी दोन्ही चाकं मी दूर, दुसऱ्या भिंतीला नेऊन ठेवतो.

सकाळचा उच्छेळीचा मुलगाही आला. हँडल दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. "दादा, नवीन घेतल्यासारखी." त्याला मी एकच काम दिलं: रोज घरी गेल्यावर ओल्या फडक्यानं पाइप आणि सीलची कड पुसायची, मग कोरड्यानं. स्प्रे अडकलेला नट सोडवायला ठेव.

सहा

दुकान आवरताना सगळ्यात जास्त वेळ मी एका कामाला देतो. दिवसभर निघालेलं तेल, डिझेल, ग्रीसचा गाळ झाकणाच्या डब्यात. एक थेंबही गटारात नाही. बोईसरचं गटार शेवटी कुठे जातं हे दांडीच्या माणसाला सांगावं लागत नाही. तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी नवापूर-दांडीच्या खाडीत आणि समुद्रात येतं म्हणून २०१६ साली आमच्या मांगेला समाजाची परिषद हरित लवादाच्या पुण्याच्या पीठाकडे गेली होती. ज्या खाडीसाठी आपल्या माणसांनी कोर्टाची पायरी चढली, तिच्यात मी चमचाभर तेलही जाऊ देणार नाही. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६च्याच केंद्राच्या नियमांत ते आहे. छोट्या सायकलवाल्याला कुणी विचारायला येत नाही, ही गोष्ट खरी. डबा भरला की मी तो मोठ्या गॅरेजवाल्याकडे देतो, त्याच्याकडून परवानाधारक माणूस पुनर्वापरासाठी नेतो.

तेलात भिजलेल्या चिंध्या वेगळ्या, पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत. उघड्यावर ढीग करून ठेवल्या तर एखाद्या ठिणगीनं लगेच पेटू शकतात.

साडेसात

वही. तारीख, सायकल, आत काय सापडलं, कुठलं तेल किती मिलिलिटर, हवा किती, उसळीचे खटके किती. साहेबांच्या पानावर: दुधी तेल, सील नवं, पुढची खालची सर्व्हिस फेब्रुवारीत. उच्छेळीच्या मुलाच्या पानावर: पाइपवर वरच्या बाजूला दोन खड्डे, पावसाळ्याआधी पुन्हा नख फिरवून पाहणे. स्वस्त सायकलीचं पान मी महागाच्या सायकलीइतकंच भरतो. त्याच्या चिमट्याला महिन्याभराच्या पगारातून पैसे जातात, साहेबांच्या जात नाहीत.

शेवटी फोनवर एक प्रश्न येतो, सातपाटीहून. किनाऱ्यावर सायकल चालवली, भरतीचं पाणी हबपर्यंत लागलं, आता काय करू? आजच, झोपायच्या आधी, गोड्या पाण्यानं धू, उलटी कर, पाणी निथळू दे, पुस. तेल आत्ता नको. उद्या सकाळी दुकानात घेऊन ये, हब आणि चिमटा दोन्ही उघडू.